आधी तपासणी, मग लक्ष्यवेधी औषध

केंद्र सरकारने २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात पुढील तीन वर्षांत देशातील सर्व जिल्हा रुग्णालयांमध्ये कर्करोगाची डे केअर केंद्रे सुरू करण्याची, आणि त्यांपैकी २०० केंद्रे त्याच आर्थिक वर्षात उभी करण्याची घोषणा केली. रुग्णाने सकाळी यावे, केमोथेरपीची सलाइन घ्यावी आणि संध्याकाळी आपल्या घरी परतावे, ही त्यामागची कल्पना चांगली आहे आणि कोल्हापूरसारख्या विस्तीर्ण जिल्ह्याला अशा सोयीची गरज आहे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु अशा केंद्रांविषयी आपल्याकडे होणारी चर्चा खाटा किती, डॉक्टर कोण आणि इमारत कुठे, एवढ्यावर येऊन थांबते. त्या खाटेवर बसलेल्या बाईला कोणते औषध द्यायचे हे कशाच्या आधारावर ठरणार, असे कोणी विचारताना दिसत नाही. स्तनाच्या कर्करोगात तर सारा उपचार याच प्रश्नाच्या उत्तरावर उभा असतो. गेल्या पाव शतकात या आजारावर जी महत्त्वाची औषधे आली, त्यांतील बहुतेक लक्ष्यवेधी आहेत, म्हणजे पेशीवर विशिष्ट खूण असेल तरच ती लागू पडतात. ती खूण आहे की नाही हे सांगणारी तपासणीच कच्ची असेल, तर महागडे औषध चुकीच्या बाईला जाते, आणि जिला ते हवे असते तिला ते मिळतच नाही. म्हणून माझे म्हणणे असे, की सरकारचा पहिला पैसा जिल्ह्यातील प्रत्येक गाठीच्या बिनचूक तपासणीवर, आणि त्या तपासणीतून पात्र ठरलेल्या प्रत्येकीला सिद्ध झालेली जुनी लक्ष्यवेधी औषधे पूर्णपणे मिळण्यावर खर्च व्हावा. नव्या औषधांचा क्रम त्यानंतरचा.

हा आजार आता दूरचा राहिलेला नाही. भारतीय स्त्रियांमध्ये तो सर्वाधिक आढळणारा कर्करोग आहे. जागतिक पातळीवरच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात त्याचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९८ हजार मृत्यू झाले. नव्या रुग्णांच्या निम्म्याइतके मृत्यू हे प्रमाण पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत फार मोठे आहे, आणि त्यामागे उशिरा निदान, अर्धवट सोडलेले उपचार आणि परवडत नाही म्हणून न घेतलेली औषधे अशी तिन्ही कारणे एकात एक गुंतलेली आहेत.

लक्ष्यवेधी उपचार म्हणजे काय, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे, कारण या एका नावाखाली अगदी वेगवेगळ्या कुवतीच्या गोष्टी खपवल्या जातात. केमोथेरपीची जुनी औषधे वेगाने विभागणाऱ्या प्रत्येक पेशीवर तुटून पडतात. कर्करोगाच्या पेशी वेगाने वाढतात म्हणून त्या मरतात. पण केसांची मुळे, तोंडाच्या आतील त्वचा, आतड्याचे अस्तर आणि अस्थिमज्जा हेही वेगाने वाढणारेच असल्यामुळे केस जातात, तोंड येते, जुलाब लागतात आणि पांढऱ्या पेशी इतक्या घसरतात की साध्या तापासाठीही रुग्णालयात दाखल व्हावे लागते. हे नुकसान टाळण्याचे मुख्यतः दोन मार्ग निघाले. एका मार्गात औषध स्वतःच पेशीवरची खूण ओळखते किंवा ती ओळखून तिला चिकटणाऱ्या प्रथिनाला, म्हणजे प्रतिपिंडाला (अँटिबॉडीला), जोडून पाठवले जाते. दुसऱ्या मार्गात औषध तेच जुने राहते, मात्र ते अतिसूक्ष्म कणात किंवा मेदाच्या पोकळ गोळीत भरून पाठवले जाते, जेणेकरून निरोगी अवयवांत त्याने कमी आणि गाठीत जास्त साचावे.

यातला दुसरा मार्ग वृत्तपत्रांना फार आवडतो, कारण त्यात ‘नॅनो’ हा शब्द येतो. त्याचा इतिहास मात्र सावध करणारा आहे. लायपोसोममध्ये, म्हणजे अशा मेदाच्या पोकळ गोळीत, भरलेले डॉक्सोरुबिसिन हे केमोथेरपीचे औषध अमेरिकेत १९९५ मध्ये मान्य झाले. मान्यता मिळालेले हे पहिले नॅनो-औषध. स्तनाच्या कर्करोगावर पुढे त्याचा वापर वाढला, आणि त्याने हृदयावरचा घातक परिणाम स्पष्टपणे कमी केला, जरी तळहात-तळपाय लाल होऊन सोलपटण्याचा नवा त्रास त्याच्याबरोबर आला. त्यानंतर २००५ मध्ये अल्ब्युमिन या रक्तातील प्रथिनाला बांधलेले, सुमारे १३० नॅनोमीटर आकाराचे पॅक्लिटॅक्सेल आले. मूळ पॅक्लिटॅक्सेल पाण्यात विरघळत नाही, म्हणून ते एरंडेलापासून बनवलेल्या द्रावकात द्यावे लागते, आणि त्या द्रावकाची तीव्र ॲलर्जी येऊ नये यासाठी आधी स्टेरॉइड टोचावे लागते. अल्ब्युमिनच्या रूपाने ती कटकट गेली. सुरुवातीच्या चाचणीत गाठ आकसण्याचे प्रमाणही वाढलेले दिसले; परंतु पुढे दर आठवड्याला दिल्या जाणाऱ्या साध्या पॅक्लिटॅक्सेलशी एका मोठ्या अमेरिकी चाचणीत थेट तुलना झाली, तेव्हा ते सरस ठरले नाही. एकंदरीत या वाटेने रुग्णाचे सोसणे कमी झाले, आणि ही लहान गोष्ट नव्हे. पण आयुष्य वाढवण्याचा जो गाजावाजा झाला, त्या मानाने हाती आलेले फळ थोडके आहे.

याचे कारणही समजण्यासारखे आहे. गाठीतील रक्तवाहिन्या कच्च्या व फटी असलेल्या असतात, त्यामुळे सूक्ष्म कण तिथून बाहेर झिरपतात आणि निचरा नीट नसल्याने तिथेच साचतात, हे तत्त्व जपानमधील मात्सुमुरा आणि माएदा यांनी १९८६ मध्ये मांडले. उंदरांत ते छान दिसते. उंदराची गाठ काही आठवड्यांत वाढते, त्याच्या वजनाच्या मानाने ती प्रचंड असते आणि तिच्या वाहिन्या खरोखरच गळक्या असतात. माणसातली गाठ वर्षानुवर्षे हळूहळू वाढलेली असते, आतला दाब जास्त असतो, आणि एकाच बाईच्या दोन गाठींतही वाहिन्या सारख्या नसतात. टोरांटोच्या संशोधकांनी २०१६ मध्ये त्याआधीच्या दहा वर्षांतील प्राण्यांवरचे प्रयोग एकत्र करून हिशेब मांडला, तेव्हा टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीत पोहोचणाऱ्यांचे मध्यमान अवघे ०.७ टक्के निघाले. बाकीचे यकृत आणि प्लीहा अडवून ठेवतात.

पहिल्या मार्गाची गोष्ट वेगळी आहे, आणि तिची सुरुवात आज कोणी लक्ष्यवेधी म्हणून ओळखतही नाही अशा एका स्वस्त गोळीपासून होते. टॅमॉक्सिफेन अमेरिकेत १९७७ मध्ये मान्य झाले. इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाचे ग्राही, म्हणजे ते पकडणारी प्रथिने, असलेल्या पेशीत ते त्या ग्राहीवर जाऊन बसते आणि संप्रेरकाला तिथे शिरकाव करू देत नाही. ज्यांच्या गाठीत हे ग्राही आहेत त्यांनी ही गोळी पाच वर्षे नियमित घेतली, तर पुढील पंधरा वर्षांत या आजाराने होणारे मृत्यू जवळपास एक तृतीयांशाने घटतात, हे हजारो रुग्णांच्या एकत्रित अभ्यासांतून सिद्ध झालेले आहे. ती गोळी काही रुपयांत मिळते आणि गावच्या औषध दुकानातही ठेवता येते. तिला ना शीतपेटी लागते, ना सलाइन. ज्यांच्या गाठीत ग्राहीच नाहीत त्यांना मात्र तिचा काडीचाही उपयोग नाही. म्हणजे ही स्वस्तातली स्वस्त गोळीसुद्धा तपासणीवाचून आंधळी आहे.

त्यानंतरचा टप्पा हर-२ या प्रथिनाचा. लॉस एंजेलिसच्या डेनिस स्लॅमन यांनी १९८७ मध्ये दाखवून दिले, की ज्या गाठींत या प्रथिनाच्या जनुकाच्या प्रती बेसुमार वाढलेल्या असतात, त्या अधिक आक्रमक असतात. साधारण १५ ते २० टक्के रुग्णांत हे आढळते. त्या प्रथिनाला चिकटणारे ट्रॅस्टुझुमॅब हे प्रतिपिंड १९९८ मध्ये आले आणि एके काळी सर्वांत वाईट समजल्या जाणाऱ्या या प्रकाराचे भवितव्य पालटले. शस्त्रक्रियेनंतर केमोथेरपीच्या जोडीने ते दिले, तर आजार उलटण्याचे आणि त्याने मृत्यू येण्याचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने कमी होते. मग शास्त्रज्ञांनी याच प्रतिपिंडाला विषारी औषध साखळीने जोडले. २०१३ मध्ये मान्य झालेल्या ट्रॅस्टुझुमॅब एम्टान्सिनमध्ये एका प्रतिपिंडावर सरासरी साडेतीन रेणू असतात; २०१९ मध्ये आलेल्या ट्रॅस्टुझुमॅब डेरुक्सटेकनमध्ये ते सुमारे आठ असतात, आणि पेशीत शिरून साखळी तुटल्यावर ते औषध शेजारच्या पेशींतही झिरपते. त्यामुळेच २०२२ मध्ये जाहीर झालेल्या एका चाचणीत, हर-२ अगदी थोडे असलेल्या आणि आजार शरीरभर पसरलेल्या रुग्णांतही त्याचा गुण दिसला. नेहमीच्या केमोथेरपीवर १६.८ महिने असलेले जगण्याचे मध्यमान या औषधावर २३.४ महिने झाले. ट्रिपल निगेटिव्ह प्रकारासाठी, ज्यात इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांचे ग्राही आणि हर-२ यांपैकी एकही खूण नसते आणि जो भारतात पाश्चात्त्य देशांपेक्षा अधिक प्रमाणात आढळतो, त्यासाठी २०२० मध्ये सॅसिटुझुमॅब गोविटेकन आले. ही सगळी खरीखुरी प्रगती आहे, आणि तिला कमी लेखण्याचा माझा मुळीच हेतू नाही.

पण या औषधांचा पहिला टप्पा औषध कंपनीच्या कारखान्यात नसून शल्यचिकित्सकाच्या टेबलाशेजारच्या बरणीत असतो. ही बाब थोडी जवळून पाहण्यासारखी आहे. गाठीतून सुईने काढलेला तुकडा, किंवा शस्त्रक्रियेत काढलेला स्तनाचा भाग, एका तासाच्या आत १० टक्के बफर फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे ऊती टिकवून ठेवणाऱ्या द्रावणात, पडला पाहिजे, आणि तो त्यात कमीत कमी ६ व जास्तीत जास्त ७२ तास राहिला पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. फॉर्मॅलिन ऊतीत फार सावकाश, तासाला जेमतेम एखादा मिलिमीटर शिरते. म्हणून मोठा भाग असेल तर तो आधी पातळ चकत्यांत कापावा लागतो. तसाच अखंड बुडवला तर बाहेरून घट्ट दिसतो आणि आतून मात्र कुजत राहतो. फॉर्मॅलिन ऊतीच्या किमान दहापट हवे. आता एखाद्या तालुक्याच्या गावी शनिवारी दुपारी झालेली शस्त्रक्रिया डोळ्यांसमोर आणा. काढलेला भाग अखंडच, मिळेल त्या डब्यात, कधी नुसत्या पाणी घातलेल्या फॉर्मॅलिनमध्ये, तर क्वचित सलाइनमध्येही टाकला जातो. डब्यावर रुग्णाचे नाव असते, वेळ नसते. सोमवारी नातेवाईक पिशवीत घालून तो डबा कोल्हापूरला आणतात. इथे मेणाचा ठोकळा बनतो, आणि ग्राहींच्या चाचणीसाठी तो पुष्कळदा कुरिअरने पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळेत जातो. दहा-पंधरा दिवसांनी अहवाल येतो: ईआर (इस्ट्रोजेन ग्राही) निगेटिव्ह, पीआर (प्रोजेस्टेरॉन ग्राही) निगेटिव्ह, हर-२ निगेटिव्ह. हा कर्करोग खरोखर ट्रिपल निगेटिव्ह आहे, की डब्यात दोन दिवस सडल्यामुळे त्याच्या खुणा पुसल्या गेल्या, हे सांगायला कोणी शिल्लक नसते. जिला काही रुपयांची गोळी तारू शकली असती, तिला मग सर्वांत कडक केमोथेरपी मिळते आणि ती गोळी कधीच मिळत नाही.

हर-२ च्या बाबतीत आणखी एक पायरी आहे. रंगाच्या चाचणीत ० किंवा १+ आले तर निगेटिव्ह आणि ३+ आले तर पॉझिटिव्ह धरतात; २+ आले तर जनुकाच्या प्रती मोजणारी फिश चाचणी करावीच लागते, नाहीतर निर्णय होऊच शकत नाही. ही दुसरी चाचणी महाग आहे आणि मोजक्या ठिकाणी होते, त्यामुळे कित्येक फायलींत २+ हा आकडा तसाच पडून राहतो आणि व्यवहारात त्याचा अर्थ ‘नाही’ असा लावला जातो. गंमत अशी, की नव्या औषधांनी तपासणीचे काम सोपे न करता उलट अवघड करून ठेवले आहे. डेरुक्सटेकन आता १+ असलेल्यांनाही चालते, म्हणजे ० आणि १+ यांतला फरक अचानक लाखमोलाचा झाला. आणि नेमका तोच फरक ठरवताना एकच काच पाहणाऱ्या अनुभवी पॅथॉलॉजिस्टांचेही एकमत होत नाही, असे परदेशी अभ्यासांत दिसून आलेले आहे. ज्या जिल्ह्यात डब्यावर वेळ लिहिली जात नाही, तिथे हे औषध आणून ठेवणे म्हणजे पाया भरण्याआधी कळस मढवण्यासारखे आहे.

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो वजनदार आहे: गरिबांनी जुन्यावर भागवावे आणि नवे औषध मुंबईच्या श्रीमंतांसाठी राहावे, असेच तुम्ही सांगत नाही का? याला उत्तर देताना आपल्याच देशातील ट्रॅस्टुझुमॅबचा अनुभव आठवावा. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातून २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, या औषधाला पात्र असलेल्या रुग्णांपैकी प्रत्यक्षात ते मिळालेल्यांचे प्रमाण अवघे ८.६ टक्के होते, आणि मुख्य कारण पैसा हेच होते. ते औषध तेव्हाही ‘उपलब्ध’ होतेच. चित्र बदलले ते देशात कायदा, धोरण आणि उत्पादन यांचा दबाव निर्माण झाला तेव्हा. सक्तीच्या परवान्याची, म्हणजे पेटंट असूनही इतर कंपन्यांना ते औषध बनवू देण्याची, चर्चा सुरू असताना २०१३ मध्ये मूळ कंपनीने भारतातील आपला पेटंटचा दावा सोडून दिला. २०१४ च्या आरंभी बंगळुरूच्या बायोकॉनचे समरूप औषध, म्हणजे मूळ औषधाशी जवळपास तंतोतंत जुळणारे (बायोसिमिलर), बाजारात आले, पाठोपाठ इतरांचेही आले, आणि किमती उतरत गेल्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये त्याला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. एम्टान्सिनचे समरूपही २०२१ मध्ये झायडसने आणले. डेरुक्सटेकनवरचे सीमाशुल्क जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात माफ झाले आणि त्याच वर्षी त्यावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. तरीही दर तीन आठवड्यांनी घ्यायच्या या औषधाचा खर्च लाखांच्या घरात जातो, आणि महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचे कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांचे कवच त्यापुढे काही मात्रांतच संपून जावे. याशिवाय त्याने काही रुग्णांत फुप्फुसाला सूज येते, जी वेळीच ओळखली नाही तर जिवावर बेतते. म्हणजे सीटी स्कॅन आणि अनुभवी डॉक्टर हाताशी असल्याशिवाय ते देऊही नये. गरिबांना नवे औषध नाकारावे असे मी म्हणत नाही. त्याची किंमत पाडण्यासाठी राज्याने आणि केंद्राने जोर लावावाच, आणि राष्ट्रीय कर्करोग ग्रिड या देशभरातील कर्करोग रुग्णालयांच्या जाळ्याने २३ रुग्णालयांची मागणी एकत्र करून ४० औषधे खरेदी केली तेव्हा २३ पासून ९९ टक्क्यांपर्यंत बचत झाली होती, हे पाहता तो जोर कुठे लावायचा हेही आपल्याला ठाऊक आहे. पण तोवर मिळू शकणारे जे आहे, तेही पूर्ण पोहोचत नसताना नव्याच्या मागणीआड लपणे बरे नव्हे.

जुने औषध पूर्ण पोहोचवण्याचा एक मार्ग तर मात्रा कमी करण्याचा आहे. ट्रॅस्टुझुमॅब शस्त्रक्रियेनंतर एक वर्ष, म्हणजे तीन आठवड्यांनी एक अशा १८ मात्रा, देण्याचा प्रघात आहे. हे एक वर्ष कुठल्या जीवशास्त्रीय नियमातून आलेले नाही. पहिल्या चाचण्या तशा आखल्या गेल्या म्हणून ते रूढ झाले. ब्रिटनमध्ये सुमारे ४ हजार स्त्रियांवर झालेल्या चाचणीत सहा महिने आणि बारा महिने यांची तुलना केली, तेव्हा चार वर्षांनी आजारमुक्त असलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ८९.४ आणि ८९.८ टक्के निघाले, आणि हृदयावरील परिणामामुळे औषध थांबवावे लागलेल्यांचे प्रमाण ८ टक्क्यांऐवजी ३ टक्के झाले. फ्रान्समधील चाचणीने असा निःसंदिग्ध कौल दिला नव्हता, त्यामुळे श्रीमंत देशांत वर्षाचाच प्रघात टिकून आहे. तिथे तो टिकावा. पण निम्म्या मात्रांत जवळपास तेवढाच गुण येत असेल, तर सरकारी खर्चातून एकीला १८ मात्रा देऊन दुसरीला काहीच न देण्यापेक्षा दोघींना ९-९ मात्रा देणे मला अधिक न्याय्य वाटते. यात कुणाला दुय्यम वागणूक दिली जात नाही. उपलब्ध पुराव्यांतून आपल्या परिस्थितीला धरून काढलेला तो निष्कर्ष आहे, आणि तो योजनेच्या नियमावलीत लेखी असायला हवा, म्हणजे प्रत्येक डॉक्टरला स्वतःच्या जबाबदारीवर तो घ्यावा लागणार नाही.

औषध नेमके पोहोचवण्याच्या तंत्रांकडेही आपल्या जिल्ह्याच्या नजरेतून पाहिले पाहिजे. प्रयोगशाळेला गाठीपर्यंतचे शेवटचे काही मायक्रोमीटर महत्त्वाचे वाटतात. चंदगडच्या किंवा गगनबावड्याच्या बाईला एसटीचा प्रवास, बुडालेली मजुरी आणि सोबत येणाऱ्या माणसाचा खाडा महत्त्वाचा असतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला आणि कोल्हापूरचा संपर्क काही दिवस तुटला, तेव्हा तीन आठवड्यांचे वेळापत्रक पाळणे कोणाच्याच हातात नव्हते. या दृष्टीने मला सर्वांत मोलाचे वाटते ते त्वचेखाली टोचायचे ट्रॅस्टुझुमॅब. त्यात हायलुरोनिडेज हे विकर मिसळलेले असते, ते त्वचेखालच्या ऊतीतील चिकट जाळे तात्पुरते मोकळे करते, आणि ६०० मिलिग्रॅमची ठरावीक मात्रा मांडीत दोन ते पाच मिनिटांत देता येते; शिरेतून पहिली मात्रा द्यायला दीड तास लागतो. सलाइन नाही, वजनाप्रमाणे हिशेब नाही, शीर सापडत नाही म्हणून होणारे हाल नाहीत. पहिल्या काही मात्रा कोल्हापूरच्या सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) या सरकारी रुग्णालयात देखरेखीखाली आणि पुढच्या गडहिंग्लजच्या उपजिल्हा रुग्णालयात, अशी रचना त्यामुळे शक्य होते. हृदयाची इको तपासणी दर तीन महिन्यांनी कोल्हापूरला येऊन करावी लागेल तेवढीच. आज हा प्रकार शिरेतून द्यायच्या समरूपापेक्षा महाग आहे. पण किंमत ठरवताना रुग्णाचा प्रवास आणि खाटेचा वेळ आपण कधी जमेस धरतच नाही.

आणखी एका भारतीय प्रयोगाचा उल्लेख इथे केलाच पाहिजे, कारण औषध नेमक्या जागी पोहोचवण्याचे इतके साधे उदाहरण दुसरे नसेल. टाटा स्मारकच्या डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशातील ११ केंद्रांवर १,६०० स्त्रियांची चाचणी घेतली; त्यांपैकी निम्म्या जणींना गाठ काढण्याच्या काही मिनिटे आधी गाठीभोवती लिडोकेन, म्हणजे दात काढताना वापरतात ते बधिर करणारे औषध, टोचले. पाच वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण ८६.४ टक्क्यांऐवजी ९०.१ टक्के निघाले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीवर, दुसऱ्या गटाला नुसत्या पाण्याचे इंजेक्शन दिले नव्हते, असा रास्त आक्षेप घेतला गेला आहे आणि इतरत्र तिची फेरतपासणी व्हायला हवी. तरीही शंभर रुपयांच्या आत होणाऱ्या, कोणत्याही शस्त्रक्रियागृहात करता येणाऱ्या या उपायाची चर्चा नव्या प्रतिपिंड-औषधाच्या शतांशानेही होत नाही, यात आपल्या आवडीनिवडीचा दोष आहे.

आता कोल्हापूरच्या प्रयोगशाळांविषयी, कारण तिथे माझाही संबंध येतो. मी औषधनिर्माणशास्त्र शिकवतो. शिवाजी विद्यापीठात नॅनोविज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे, कसबा बावड्याच्या डी. वाय. पाटील अभिमत विद्यापीठात आणि शहरातील औषधनिर्माण महाविद्यालयांत या विषयावर वर्षानुवर्षे काम चालले आहे, आणि चुंबकीय नॅनोकणांपासून जैवविघटनशील बहुवारिकांपर्यंत (पॉलिमरपर्यंत) इथल्या संशोधकांचे हात चांगले बसलेले आहेत. पण स्तनाच्या कर्करोगावरचा आमचा ठरलेला प्रबंध कसा असतो, हे मोकळेपणाने सांगायला हवे. शेजारी सांगलीला हळदीची मोठी पेठ, म्हणून की काय, औषध हमखास हळदीतले कर्क्युमिन. ते पाण्यात विरघळत नाही आणि पोटातून नीट शोषले जात नाही, म्हणून त्याचा नॅनोकण. आणि तो तपासायचा एमसीएफ-७ या पेशींवर, ज्या १९७० मध्ये मिशिगनमधील एका वृद्ध ननच्या छातीतील पाण्यातून घेतल्या गेल्या आणि तेव्हापासून जगभरच्या काचपात्रांत वाढत आहेत. बशीतल्या पेशी मरतात, आलेख सुंदर येतो, शोधनिबंध छापला जातो आणि विषय संपतो. त्या बशीत ना यकृत असते, ना प्लीहा, ना गाठीतला दाब. त्यामुळे वर सांगितलेल्या ०.७ टक्क्यांच्या अडचणीशी त्या प्रयोगाची कधी गाठच पडत नाही. विद्यार्थ्याला तंत्र शिकायला हे ठीक आहे, पण त्याला कर्करोगावरचे संशोधन म्हणायला मन धजावत नाही.

याच माणसांना आणि याच उपकरणांना दुसरे काम देता येईल. फॉर्मॅलिनचा बफर तयार करणे, त्याची आम्लता तपासणे आणि तालुक्यांना वेळ लिहायच्या छापील जागेसह तयार बरण्या पुरवणे, हे आमच्या पदवीच्या विद्यार्थ्यांनाही सहज जमण्यासारखे आहे. समरूप औषधे एकाच आजारावर पण वेगवेगळ्या कंपन्यांची येतात. त्यांची स्थिरता, शीतसाखळी तुटल्यावर प्रतिपिंडांच्या गुठळ्या होतात का, उन्हाळ्यात डबा किती वेळ तग धरतो, याची मोजमापे इथे होऊ शकतात, आणि ती खरेदी करणाऱ्या सरकारला उपयोगी पडतील. सीपीआरला जोडलेल्या राजर्षी शाहू वैद्यकीय महाविद्यालयाच्या पॅथॉलॉजी विभागाकडे ईआर, पीआर आणि हर-२ या तिन्ही तपासण्यांची, आणि २+ आल्यास फिश चाचणी मोफत करून आणण्याची जबाबदारी व निधी दोन्ही द्यावेत, बाहेरच्या तटस्थ प्रयोगशाळेकडून तिच्या काचांची नियमित फेरतपासणी व्हावी, आणि किती गाठी आल्या, किती अहवाल किती दिवसांत गेले, पात्र ठरलेल्यांपैकी किती जणींनी औषध पूर्ण केले, हे आकडे दर तीन महिन्यांनी जाहीर करावेत. असे आकडे नसतील, तर डे केअर केंद्राला सलाइन देण्याच्या जागेपलीकडे फारसा अर्थ उरणार नाही.

लवकर निदानाचा प्रश्न मी इथे मुद्दाम विस्ताराने मांडलेला नाही, पण तो याच साखळीचा भाग आहे. मुंबईच्या वस्त्यांत सुमारे दीड लाख स्त्रियांवर वीस वर्षे चाललेल्या अभ्यासात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी हाताने केलेल्या तपासणीमुळे आजार सुरुवातीच्या टप्प्यात सापडू लागला, आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांत मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. आशाताईंना हे शिकवता येते. फक्त त्यांनी शोधलेली गाठ पुढे ज्या बरणीत पडणार आहे, ती बरणी आधी तयार असली पाहिजे. नाहीतर गावोगावच्या बायकांना तपासणीला बोलावून, त्यांना पंधरा दिवसांनी एक संशयास्पद कागद हाती देण्याचा अधिकार आपल्याला नाही. या वर्षी जिल्हा नियोजन समितीत आरोग्यावर चर्चा होईल तेव्हा नव्या यंत्रांची यादी येईलच. त्या यादीच्या वर फॉर्मॅलिनच्या बरण्या, दोन प्रशिक्षित तंत्रज्ञ आणि ग्राही-चाचणीच्या रसायनांचा वर्षभराचा पुरवठा या तीन बाबी लिहिल्या जातात का, हे लोकप्रतिनिधींना विचारायला हवे.